पट्टीच्या अलीकडे

सोमवार, ३ ऑक्टोबर

वर्ग उत्तम झाला. माझा वर्ग उत्तमच होतो. रविवारच्या डोंगरवाटेला येणाऱ्या पाहुण्यांना आधी माझ्यासमोर बसावं लागतं, हा आमच्या कंपनीचा नियम. बूट कुठले, पाणी किती, गाइडने शिट्टी मारली की काय करायचं, सगळं मी शिकवतो. डोंगरावर नेतात ते गाइड. डोंगरासाठी माणूस घडवतो तो मी. (हे वाक्य पुढच्या वर्गात वापरणे.)

शेवटी नेहमीप्रमाणे पट्टी. वर, माथ्याच्या जरा अलीकडे, एक अरुंद वाट आहे. एका अंगाला कातळ आणि त्यात ठोकलेली साखळी, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. तिला सगळे पट्टी म्हणतात. तिची रुंदी मी हॉलच्या फरशीवर दोन चिकटपट्ट्या लावून आखली आहे. आधी स्वतः चालून दाखवतो, हात खिशात घालून. मग एकेकाला चालवतो. चष्मेवाल्या एक बाई घाबरल्या. त्यांना म्हटलं, भीती पायात नसते, डोक्यात असते. टाळ्या.

मी स्वतः वर गेलेलो नाही, हा तांत्रिक मुद्दा झाला. रविवारी ऑफिसात फोनजवळ कुणीतरी जबाबदार माणूस लागतोच. आठ वर्षं हा त्याग करतोय. पोहायला शिकवणाऱ्याने मासाच असलं पाहिजे असं थोडंच आहे?

मंगळवार, ४ ऑक्टोबर

जेवताना सासऱ्यांनी जाहीर केलं की त्यांना डोंगरवाटेला यायचंय. हातातला घास हातातच राहिला. सत्तरी उलटलेली. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, तेव्हापासून ते आमच्याकडे असतात आणि बहुतेक वेळ बाल्कनीत बसून असतात. सासूबाई मात्र महिन्यातून एकदा आमच्या गटाबरोबर हमखास डोंगरावर जायच्या. तेव्हा हे घरी पेपर वाचत बसत. म्हणत, डोंगर काय पळून जातोय? आता म्हातारपणी हे खूळ.

ही त्यांच्याशी बराच वेळ बोलत होती. नंतर माझ्याशीही काहीतरी बोलली, पण तेव्हा मी स्कोअर बघत होतो.

बुधवार, ५ ऑक्टोबर

हिचा निर्णय झालाय. बाबांना जाऊ द्यायचं, पण एकट्याने नाही. तुम्ही बरोबर जा. शंभरदा वर जाऊन आलाय ना!

हा शंभराचा आकडा मी कधीतरी लग्नकार्यात दिला असावा.

चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. म्हटलं, आधी त्यांची तयारी बघू. वर्गाचे नियम माझ्या सासऱ्यांनाही लागू.

योजना: फिटनेस चाचणीत त्यांना प्रेमाने नापास करणे.

शनिवार, ८ ऑक्टोबर

चाचणी. आमचा हॉल तिसऱ्या मजल्यावर. भरलेली सॅक पाठीवर घेऊन जिना चढायचा आणि उतरायचा. सासरे वॉचमनशी गप्पा मारत चढले, गप्पा मारत उतरले, आणि वॉचमनचं बोलणं अर्धवट राहिलं म्हणून पुन्हा चढले. मी मागोमाग होतो. दुसऱ्या मजल्यावर थांबून कठडा तपासला. ढिला आहे. तक्रार करावी लागेल.

घरी हिने विचारलं, बाबा पास का? म्हटलं, चाचणी सोपी आहे, ती बदलायला हवी. “तुम्हाला एवढी धाप का लागलीये?” म्हटलं, जबाबदारीमुळे.

बुधवार, १२ ऑक्टोबर

सासरे वर्गाला आले. पहिल्या रांगेत. फरशीवरच्या पट्टीवरून चालले, मग वाकून चिकटपट्टीला हात लावला आणि विचारलं, “एवढीच आहे का हो खरोखर?” मी म्हटलं, तंतोतंत. गाइडबाई दारात उभ्या होत्या. त्यांना सगळे शिट्टीताई म्हणतात, कारण शिट्टी सतत गळ्यात. त्या हळूच म्हणाल्या, “सर, खरं म्हणजे थोडी कमीच आहे.”

थोडी म्हणजे किती, हे विचारायला मागे गेलो तोवर त्या निघून गेल्या होत्या.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

झोप नीट नाही. घसा खवखवतोय असं वाटतंय. थर्मामीटर लावला. नॉर्मल. थर्मामीटर जुना आहे.

हवामानखात्यावर भिस्त होती. रविवारी आकाश निरभ्र म्हणतात. नको तेव्हा यांचे अंदाज बरोबर येतात.

शनिवार, १५ ऑक्टोबर

हिला सुचवलं, मॅनेजर मला सोडणार नाहीत, फोनवर कोण बसणार? हिने तिथल्या तिथे मॅनेजरना फोन लावला. ते म्हणे आनंदाने ओरडलेच. सर स्वतः येतायत! आम्ही तर कधीपासून म्हणतोय! ही फोन ठेवून माझ्याकडे वळली. “लोकां सांगे ब्रह्मज्ञान,” एवढंच म्हणाली. पुढचा भाग माझ्यासाठी सोडला.

ठीक आहे. जाणार. कसोटीच्या क्षणी माणूस फुलतो.

रविवार, १६ ऑक्टोबर, संध्याकाळ

सगळं आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी तिखटमीठ लावलं तर आपल्याकडे मूळ प्रत असावी.

सुरुवात झकास. शिट्टीताई सगळ्यांत पुढे, शेवटी दुसरा गाइड, ज्याला ‘शेपूट’ म्हणतात. मागे कुणी राहू नये हे त्याचं काम. मी शेपटाबरोबर चाललो, निरीक्षणासाठी. माझ्या वर्गातले पाहुणे वळून वळून विचारत होते, सर, अजून किती? मी प्रत्येकाला म्हटलं, आता आलंच. सासरे माझ्या पुढे होते. मध्येच थांबून एखादा दगड, एखादं झाड बघायचे, जसं काही कुणी पत्ता देऊन पाठवलंय.

मग पट्टी आली.

फरशीवरच्या पट्टीची आणि हिची जातकुळीच वेगळी. फरशीवर पट्टीच्या बाहेर पुन्हा फरशी असते.

एकेक जण साखळी धरून पलीकडे गेला. चष्मेवाल्या बाईही गेल्या. सासरे गेले. मी दोनचार पावलं टाकली. बूट कुठे ठेवायचा म्हणून खाली बघितलं आणि बुटाच्या पलीकडे, फार खाली, झाडांचे शेंडे दिसले. पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते आपणहून थांबले. मग मी खाली बसलो. साखळी दोन्ही हातांनी धरली. मागे शेपूट अडकलेला, पुढे सगळा गट ताटकळत उभा, आणि मध्ये मी, घशात अडकलेल्या घासासारखा.

शेपूट मागून म्हणत होता, सर, नुसतं उभं राहा. ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाला तरी सांगतोय असं वाटत होतं. पलीकडून चष्मेवाल्या बाईंनी ओरडून सांगितलं, “सर, भीती डोक्यात असते!” चांगल्या मनाने सांगितलं असणार. त्यावर कुणीतरी फिसकन हसलं. मग तेही थांबलं, आणि ते थांबणं जास्त वाईट होतं. खालून पांढरा ढग वर सरकत होता. शिट्टीताई एकदा ढगाकडे बघत, एकदा घड्याळाकडे. परतीची ठरलेली वेळ झाली की गट असेल तिथून मागे फिरतो. हा नियमही मीच शिकवतो.

तेवढ्यात सासरे परत पट्टीवर आले. शिट्टीताई नको म्हणत असताना आले. माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले आणि घरी सोफ्यावर बोलावं तसे म्हणाले, “जावईबापू, खाली नका बघू. माझ्या कॉलरकडे बघा. बटण तुटलंय बघा, लेकीला सांगायचं राहिलं.”

मी बटण बघितलं. खरंच तुटलेलं होतं.

मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्ही वर कधी आला नाहीत हे मला ठाऊक होतं. हिने सांगितलेलं. म्हणायची, आमचे जावई वर आलेले नाहीत, पण शिकवतात इतकं छान, कुणाला बोलू नका. लेकीलासुद्धा नाही.”

म्हणजे सासूबाईंना माहीत होतं. महिन्याच्या महिन्याला वर्गात समोर बसायच्या आणि मान डोलवायच्या.

कसा हललो ते नीट आठवत नाही. शेपटाने मागून सॅकचा पट्टा धरला, सासऱ्यांनी मनगट. आलो त्याच बाजूला परत आलो, हातापायांवर. याला गुडघे टेकणं म्हणत नाहीत. ही एक पद्धत आहे.

तोवर वेळ होऊन गेली होती आणि ढग पट्टीवर आला होता. शिट्टीताईंनी शिट्टी मारली. सगळा गट परत फिरला. माथा थोडक्यात राहिला. सासरे ढगात जिथे माथा असायला हवा तिकडे तोंड करून उभे राहिले. मग वळले आणि माझी सॅक त्यांनी स्वतःच्या छातीवर अडकवली.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. वर ढग होता. गट पुढे गेला असता तर पावसात सापडला असता. माझ्यामुळे वाचला. पाऊस आला नाही, पण आला असता.

सोमवार, १७ ऑक्टोबर

स्वयंपाकघरातून हिच्या भांड्यांचा आवाज तेवढा येतोय.

शेवटी संध्याकाळी बोलली. माथ्यावर एक बाक आहे, तिथे आई बसायची. दर वेळी येऊन बाबांना सांगायची, एकदा चला, माझी जागा दाखवते. ते कधी गेले नाहीत. आता त्यांना एकदा तिथे बसायचं होतं. “सांगितलं होतं ना तुम्हाला मी?”

सांगितलं असेल.

बुधवार, १९ ऑक्टोबर

शिट्टीताईंनी बाजूला घेतलं. फार चांगल्या शब्दांत. वर्गातला पट्टीचा भाग यापुढे त्या घेतील. बूट, पाणी, सॅक माझ्याकडेच. म्हटलं, मी सुचवणारच होतो. माणसाने स्पेशलाइझ करावं. त्यांनी मान हलवली. फरशीवरच्या चिकटपट्ट्या मी स्वतः काढल्या. गोंदाचे डाग जात नाहीत.

रविवार, २३ ऑक्टोबर

सासरे बाल्कनीत. बूट पुसून कोपऱ्यात ठेवलेत. मी पेपरचं पान पुढे केलं, त्यांनी घेतलं, वाचलं नाही.

मीच म्हणालो, पुढच्या रविवारी तुम्ही जा. मी फोनजवळ असेन. हिने दारातून ऐकलं. थोड्या वेळाने चहा आला, माझाही.

रविवार, ३० ऑक्टोबर, संध्याकाळ

सासरे गेले, एकटे. म्हणजे गटाबरोबर, पण माझ्याविना.

मी ऑफिसात. दुपारी खिडकीतून बघितलं तर डोंगराचा वरचा अर्धा भाग नाहीसा. ढग. शिट्टीताईंचा फोन लागेना, शेपटाचाही. रेंज नसते तिथे, हे मी वर्गात नेहमी सांगतो, काळजी करू नका म्हणून सांगतो. आठ वर्षं या फोनजवळ आरामात चहा पीत बसलो. आज चहा तसाच गार झाला. हिचा फोन आला, काही कळलं का? म्हटलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे. फोन ठेवल्यावर बघितलं तर घामाने रिसीव्हर ओला. त्यांचा पाय घसरला तर? पुन्हा पाठवलं कुणी? मी. खुर्चीवर बसवेना म्हणून जिना उतरून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. वॉचमनने विचारलं, कुणाची वाट बघताय? म्हटलं, बसची.

बस उशिरा आली. सासरे सगळ्यांत शेवटी उतरले. कपडे दमट, तोंड लालबुंद. मी काही विचारायच्या आत ऑफिसच्या पायरीवर बसले आणि बुटाच्या लेसपाशी वाकू लागले. कंबर वाकेना. मी खाली बसून लेस सोडायला घेतल्या.

म्हणाले, बाक सापडला. वारा एवढा की धड बसवत नाही. आणि ही सांगायची, मी तासभर बसते! म्हणजे मला चिडवायलाच सांगत असणार, असं म्हणून एकटेच हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. पुन्हा हसले.

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि पट्टी? पट्टीवर कसं झालं?

“पट्टी होय?” ते म्हणाले. “अहो, ती कधी आली, कधी गेली, कळलंच नाही. त्या दिवशी तुम्हाला धरलं होतं ना, म्हणून अवघड वाटली.”

लेसची गाठ ओली झाली होती. सुटायला वेळ लागला.