वही क्रमांक सतरा आणि शंभर खोटी हरणं

मी, विद्यापीठाच्या वन्यप्राणी विभागातला निवृत्त तज्ज्ञ, वय वर्षे एकाहत्तर, गुडघे सोडून सर्व काही शाबूत असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आणायला कोणी आलंच, तर जाताना त्याचे खिसे तपासावेत.

१. राहतं घर मुलीला. मसुदा वाचून ती म्हणाली, "बाबा, हे मृत्युपत्र आहे की पंचनामा?" तरीही घर तिलाच.

२. मोठी दुर्बीण धाकट्या भावाला. 'दोन दिवसांसाठी' नेली, त्याला नऊ वर्षं झाली. आता निदान चोरीचा माल तरी म्हणता येणार नाही.

३. पिंजरे आणि जाळी विभागाला. कावळे पळवायचा भोंगा मात्र कोणाला देऊ नये. तिसऱ्या दिवसापासून कावळे त्याच्यावरच बसतात.

४. माझ्या तेवीस वह्या. प्राणी-पक्ष्यांच्या चाळीस वर्षांच्या मोजण्या त्यांत आहेत. आधीच्या मसुद्यात मी त्या जाळून टाकायला सांगितल्या होत्या. कारण शेजारच्या टेबलावरची सहकारी, जिला मी घार म्हणतो, ती माझ्या वह्या चोरून वाचते, असा मला पक्का संशय होता. म्हणून प्रत्येक वहीत एक आकडा मुद्दाम खोटा लिहिला आणि खोट्या आकड्यांची यादी वह्यांसोबतच कपाटात कुलूपबंद केली. खोटा आकडा तिच्या लेखात दिसला, की चोर रंगेहाथ सापडणार! इतक्या वर्षांत एकदाही दिसला नाही. मला वाटलं, बाई महाबिलंदर आहे.

गेल्या मंगळवारी वह्या मोजताना सतरावी उघडली. नदीकाठच्या कळपात हरणं चौसष्ट होती. मी सापळा म्हणून एकशे चौसष्ट लिहिली होती. त्या वर्षी शंभरावर हरणं भरली, तर गोळ्या घालायची परवानगी मिळणार होती. आणि वनखात्याला जायचा मोजणीचा अहवाल मी अंगात ताप असताना याच वहीवरून उतरवला होता, यादी न पाहता. माझ्या हातून कळप मरायचाच.

खोट्या आकड्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं : "६४. दोनदा मोजून आले. अहवालात दुरुस्त केलं." अक्षर घारीचं. तारीख अहवाल जाण्याच्या आदल्या दिवशीची. बाकीच्या वह्या उघडल्या, तर प्रत्येक खोट्या आकड्याखाली तीच पेन्सिल.

म्हणजे वाचत होतीच! माझा संशय खरा निघाला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन करून विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरं कुलूप घातलं असतं, सर. मग पुढचे आकडे कोणी बघितले असते?"

सबब सर्व वह्या, यादी आणि कपाटाची किल्ली घारीला. दुसरी किल्ली कुठे आहे ते मी सांगणार नाही. तिला ठाऊक असणारच.

ठिकाण : जेवणाचं टेबल. दिनांक : पंधरा मार्च, दुपारी तीन.

लिहून देणार : (सही)
साक्षीदार एक : खालच्या मजल्यावरचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दोन : विभागाचे ग्रंथपाल, तीनदा वाचून (सही)

घारीची सही इथे का नाही, तेही नोंदवतो. साक्षीला म्हणून ती स्वतःचं पेन घेऊन आली होती. ज्याला काही मिळायचंय त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले, म्हणून मी तिला दारातूनच परत पाठवलं. कारण सांगितलं नाही. "अजून विश्वास नाही ना, सर?" एवढंच म्हणून ती जिना उतरली. हे वाचाल तेव्हा तिला समोर बसवा आणि चौथं कलम आधी वाचा.