नर्सबाईचा खिसा

११ मार्च

नकाशा आला — आणि मी बाहेर!

सकाळी दवाखान्यात इंजेक्शनं देत होते, तर कंपाउंडर पेपर नाचवत आला. म्हणे, बाई, तुमची गल्ली पळवली. मला वाटलं, नेहमीसारखी चेष्टा. पण खरंच. मतदारसंघांची नवी आखणी, कच्चा आराखडा. आमची हद्द माझ्या लग्नाआधीपासून कालव्याने जाते. आताही कालव्यानेच येते, शहाण्या मुलीसारखी सरळ. आमच्या गल्लीपाशी मात्र कालवा सोडते, आत शिरते, गल्लीला वळसा घालते आणि परत कालव्याला मिळते. पाच-दहा घरांसाठी एवढा उपद्व्याप! आणि त्यातलं एक माझं.

नवा नियम असा, की आमदारकीला उभं राहायचं तर निवडणुकीच्या आधी वर्षभर तुमचं नाव त्याच मतदारसंघाच्या यादीत हवं. निवडणूक पुढच्या वर्षी मेअखेर, म्हणजे या ३१ मेच्या आत. आमचे आमदार मास्तर या खेपेला थांबणार, उभे राहणार नाहीत. शाळेत मला त्यांनीच शिकवलं, राजकारणातही त्यांनीच. भर सभेत म्हणाले होते, यापुढे ही जागा नर्सबाईची. आणि आता नर्सबाई हद्दीबाहेर. योगायोग म्हणे! हातच्या कांकणाला आरसा कशाला?

१२ मार्च

बाजारात त्या वळशाला नाव पडलंय — ‘नर्सबाईचा खिसा’. भाजीवाली हसत होती. मीही हसले. घरी येऊन कपाट जोरात आपटलं.

१५ मार्च

बाबांची फार आठवण येते. त्यांच्या कारखान्यातल्या संपानंतर झालेल्या आखणीत कारखान्याच्या वसाहतीचे तीन तुकडे केले होते. एकेक तुकडा लांबच्या वेगळ्या भागाला जोडला. हजारो कामगार, पण तिन्हीकडे अल्पमतात. पुन्हा कधी आपला माणूस निवडून आला नाही. बाबा म्हणायचे, काठीने जमलं नाही ते त्यांनी पेन्सिलीने केलं. ना आरडाओरडा, ना रक्त. तेव्हा मोर्च्यात बाबांच्या शेजारी मास्तर होते. म्हणून तर मी त्यांना देव मानते.

१८ मार्च

हरकतीचा अर्ज ह्यांनी टाईप करून दिला. दिवसभर विमा कंपनीत कारकुनी, संध्याकाळी पक्षाच्या कचेरीत पत्रं. तरी कुरकुर नाही. सभेला माझी पिशवी धरून मागच्या रांगेत बसतात. ताई फोनवर विचारते, तुझी गोगलगाय काय म्हणते? मला राग येतो तिचा. असा नवरा मिळायला नशीब लागतं.

९ एप्रिल

सुनावणी झाली. आयोगाचे तिघे, पंखा एकच, तोही त्यांच्या डोक्यावर. मी बोलले. मग मास्तर उठले. म्हणाले, गल्ली परत द्या. लोकसंख्या सारखी राखायची तर तेवढीच डोकी दुसरीकडून बाहेर काढा, आमची ना नाही. काय हुशार माणूस!

एक मात्र खटकलं. पलीकडच्या पक्षाचा वकील एका शब्दाने आडवा आला नाही. हा खिसा त्यांनीच शिवून घेतला ना? मग भांडा की! उलट बाहेर मास्तरांच्या बरोबर उभा राहून हसत होता. हे म्हणाले, राजकारणात हसावं लागतं. असेल.

२६ एप्रिल

आयोग हरकत मानेल याची काय खात्री? अंतिम नकाशा जूनमध्ये येणार, मुदत मेमध्येच संपणार. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. मला एक युक्ती सुचलीय. ताईचं घर बाजारामागे, नव्या नकाशातही आतच. आपलं नाव तिच्या पत्त्यावर न्यायचं, वर्षभर तिथेच राहायचं. रात्री ह्यांना सांगितलं. हे चष्मा पुसून म्हणाले, उत्तम. वाट कशाला बघायची? मास्तरांनासुद्धा आत्ता सांगू नकोस, भिंतींनाही कान असतात. म्हणून नाही सांगितलं.

१० मे

झालं! नाव ताईच्या पत्त्यावर गेलं. फॉर्म ह्यांनीच नेऊन दिला. मी म्हटलं, तुमचंही नाव न्या, नवराबायको एकत्र बरी. तर म्हणाले, “माझं राहू दे इथेच. मला कुठे उभं राहायचंय!”

आळशी माणूस. साधा चष्मा बदलायचा, तर तीन वर्षं चालढकल चाललीय.

१४ मे

ताईकडे राहायला आले. ट्रंक, औषधांची पेटी, बाबांचा फोटो. जिना चढताना तिचे गुडघे दुखतात, तरी तीच पुढे.

३ जून

अंतिम नकाशा.

पहिल्यांदा कंपाउंडरचाच फोन — अभिनंदन बाई, हरकत मान्य! गल्ली परत आली, खिसा उसवला! मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, आणि बदल्यात कुठली डोकी बाहेर काढली?

बाजारामागची. ताईची गल्ली.

मुदत संपून तीन दिवस झाले. माझं घर आत आणि मी बाहेर. लोक पेढे मागताहेत. काय सांगू त्यांना?

४ जून

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गावात एवढ्या गल्ल्या, त्यांना नेमकी हीच सापडली? कुणीतरी सांगितलं. माझं नाव कुठे गेलं हे कोणाला ठाऊक होतं? मला, ह्यांना, ताईला. ताईचा मुलगा पलीकडच्यांच्या पतसंस्थेत नोकरीला आहे. आणि ताईच्या पोटात काही राहत नाही, लहानपणापासून.

५ जून

बोलले. नको नको ते बोलले. मुलाची नोकरी टिकावी म्हणून तू मला विकलंस, असंही बोलले. ताईने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, “तू वर्षभर राहणार म्हणून मी माडी रंगवून घेतली गं. मी कुणाला सांगू?” मग रडली. मी नाही रडले. आपलेच दात, आपलेच ओठ, पण या वेळी ओठ फाटला.

ट्रंक रिक्षात टाकून घरी आले. ह्यांनी दार उघडलं, पेटी हातातून घेतली, जागेवर नेऊन ठेवली. माझ्या बाजूचं आता एवढंच माणूस उरलंय.

११ जून

मास्तरांकडे गेले. चहा आला. मास्तर माझ्याकडे बघेनात, खिडकीकडेच बघत होते. म्हणाले, पक्षापुढे व्यक्ती मोठी नसते. म्हटलं, मग उमेदवार कोण? म्हणाले, कळेल. तुझ्या कामाचं चीज होईल असाच माणूस देऊ. शाळेत फळा पुसताना जसे पाठमोरे बोलायचे, तसेच बोलले. काहीतरी शिजलंय. दोन्ही पक्षांनी मिळून शिजवलंय — शेजारचा मतदारसंघ त्यांना सोपा, हा आम्हाला सोपा, आणि मधे अडचण माझी. मी कुणाचं ऐकणारी नाही, हे मास्तरांइतकं कोणाला ठाऊक?

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, झोप आता.

१९ जून

ताईला फोन करावासा वाटतो. नाही केला. चूक तिची आहे.

२ जुलै

उमेदवार जाहीर झाला. पेपरात फोटो आहे, नव्या चष्म्यातला. खाली पत्ता आमच्याच घराचा.

ताईला फोन लावतेय सकाळपासून. ती उचलत नाही.