थोरल्या गुरुजींचा खलबत्ता

४ ऑगस्ट
आज विष्णुपुरीला आले. वेदशाळेत भाकरी थापायचं काम. लई झ्याक जागा हाय, दारातून गोदावरी दिसते! चौथीपस्तोर शिकलेली मी, तरी लिहून राहिले. नात पुनमनं बजावलंय, केवळाआज्जे, रोज लिही, न्हाईतर पणतवंड आल्यावर गोष्टी विसरशील. तिचे लातूरला दिवस भरत आलेत. बारशाला पाळणा मीच म्हणणार, म्याच रचलेला. आमच्या लोहा गावात माह्यासारखा गळा न्हाई कुणाचा.

इथं शिवशंकर गुरुजी मंत्र एकदा म्हणतात, पोरं दोनदा. ह्याला संथा म्हणतात. दोनदा म्हणलं की विद्या शिष्याची झाली. मी म्हणलं, मोबाइलात भरून ठेवा की. गुरुजी हसले, म्हणाले, आज्जी, विद्या तोंडातून कानात जाते. किती बोली आल्या-गेल्या, हे तसंच ऱ्हायलं. माहं बोलणं तर नातीलाच अर्धं कळत न्हाई!

फडताळात पान कुटायचा खलबत्ता गावला. शिवशंकर गुरुजींच्या वारलेल्या गुरूचा, थोरल्या गुरुजींचा. मलाबी दात न्हाईत, झालं काम. बुडाला लाल डाग, घासून निघंना. कात असंल. विडा कुटून खाल्ला.

७ ऑगस्ट
पीठ मळताना कानाशी कुणी म्हातारं एकदा मंत्र म्हणलं. माह्या तोंडून आपसूक दोनदा निघालं. ह्या वयात विद्या! खुशीत भाकर करपली. अन् संथेत गुरुजी नेमके तिथंच अडले. पोरं त्यांच्या तोंडाकडं बघत बसली.

१२ ऑगस्ट
पुनमला ल्योक झाला! किराणा आणणाऱ्या पाशामियाँला साखर दिली. खलबत्ता बघून त्याचा हात थांबला. म्हणला, मावशी, फेका ते. थोरले गुरुजी दुसऱ्या शिष्याला विद्या देणार होते. शिवशंकरनं मारुतीसाठी म्हणून शेंदूर मागवला, मीच आणून दिला. तो विड्यात कुटून गुरूला चारला. गळा कायमचा गेला. मरेस्तोर नुसते ओठ हलत होते.

फेकायला उचलला. मग वाटलं, कानाशी म्हणतो त्यो म्हातारा म्हंजी थोरले गुरुजीच, घेऊ दे की त्यांला आपली विद्या माघारी. लबाडाचा गळा रिकामा झाला तर माहं काय जातंय?

दुसरा विडा कुटला.

१६ ऑगस्ट
गुरुजींचा आवाज पार गेला. ओठच हलतात. मी चुलीपुढं बसून म्हणते, मुद्दाम, मोठ्यानं. त्यांनी माहे पाय धरले. मी आणखी मोठ्यानं म्हणलं. बरं वाटलं. लई बरं.

पुनमचा फोन आला, पाळण्याची पहिली ओळ ऐकव म्हणली. आठवंना—

२० ऑगस्ट
जेवढं आत येतं तेवढं माहं जातं. ते गोल, तव्यावरचं, ज्वारीचं— नाव गेलं.

खलबत्ता नदीत टाकला. शिवशंकर गुरुजी सकाळी वारले. ओठ लाल. म्हाताऱ्याला म्हणलं, झाला ना सूड, सोडा आता. त्यो म्हणतोच. त्याला नवा शिष्य—

२४ ऑगस्ट, लातूर
बारसं. बायका म्हणल्या, म्हण की आज्जे, नवरीवानी लाजतीस काय. ओठ दाबून धरले. लेकरू बघून राहिलं. तोंड उघडलंच. पाळणा न्हाई, मंत्र निघाला, एकदा.

बायकांनी पाळणा हलवायचा थांबवला. लेकरानं ओठ हलवले— तेच म्हणलं. साफ.

माजघरात पळून आले. त्यानं आणखी एकदा म्हणलं की त्याचीबी संथा पुरी. नातीला सांगायचंय, त्याला पाजाय घे, तोंड रिकामं ठेवू नको— पण बोलाय गेले की माह्या तोंडून तेच—

बाहेर त्यानं सुरू—