आनंदाइटची गावपळण

२ ऑक्टोबर, दसरा. पहाटे ५ (प्रत्यक्षात ९.२०)

आजपासून संशोधन नियमित. पाचला उठणे, चहा एकच, टीव्ही बंद. आज उठायला उशीर झाला, कारण काल हे सगळं ठरवण्यातच उशीर झाला.

विषय पक्का: दगडासारखा मजबूत, पण वेतासारखा वाकणारा पदार्थ. जगभर मोठमोठी माणसं याच्या मागे आहेत. काच कडक, पण कडकन मोडते. रबर वाकतं, पण रबराचं घर कोण बांधणार? निसर्गाने हा प्रश्न शिंपल्यात कधीच सोडवून ठेवलाय. शिंपला म्हणजे बहुतेक सगळा चुनाच, पण आत थर असतात. एक कडक, एक मऊ, पुन्हा एक कडक. तडा कडक थरातून निघतो आणि मऊ थरात जाऊन अडकतो. मासिकात हे वाचलं तेव्हाच म्हटलं, अरे, हा माल तर आपल्या उकिरड्यावर पडलाय. आयुष्यभर तिसऱ्या खाल्ल्या आणि शिंपल्या फेकल्या.

माझी कृती: शिंपल्यांची पूड आणि काजूच्या टरफलाचं तेल हा कडक थर. फणसाचा चीक हा मऊ थर. मध्ये काथ्या. मग मंद आचेवर भाजणे. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये उभी हयात काढली आहे. कागदोपत्री मी सहाय्यक, पण उपकरणांच्या कपाटाची चावी कोणाकडे होती?

पदार्थाचं नाव: हरिश्चंद्राइट.

जाता जाता: स्वयंपाकघर रिकामं करायचं आहे. उद्या.

५ ऑक्टोबर

आमची ही, आनंदी, एप्रिलपासून पुण्याला, मुलाकडे म्हणजे गंधारकडे. कोणी विचारलं की मी सांगतो, गुडघ्याची ट्रीटमेंट चालू आहे. गुडघा ठणठणीत आहे, पण लोकांना काहीतरी कारण द्यावं लागतं.

खरं कारण म्हणजे गैरसमज. काजूचं तेल मी खोबरेलाच्या बाटलीत ठेवलं होतं, कारण तीच बाटली हाताशी होती. तिने आंघोळीनंतर हाताला चोळलं. कातडी सोलवटून निघाली, फोड आले. ते तेल अंगाला लावायचं नसतं, जाळतं. लेबल मी दुसऱ्या दिवशी लावणारच होतो.

आता फोनवर तिचा एकच धोशा. स्वयंपाकघर मोकळं करा, सगळं गोठ्यात न्या, गोठा रिकामाच आहे, मग मी येते. सुचवणं सोपं असतं. गोठ्यात दमट हवा, गॅस नाही. शास्त्राच्या दृष्टीने आमचं स्वयंपाकघर ही एक उत्तम प्रयोगशाळा आहे. फक्त तिथे भाकरी करता येत नाही एवढंच.

१४ ऑक्टोबर

मिक्सर गेला. शिंपल्या भिजवून घालायला हव्या होत्या. आनंदीचा आवडता मिक्सर. तिला आत्ताच सांगत नाही, तिथे असताना उगाच मनस्ताप.

एका मोठ्या संशोधन संस्थेला ईमेल पाठवला. दोन सेकंदांत उत्तर: आपला मेल मिळाला आहे. इतक्या तातडीने दखल घेतील असं वाटलं नव्हतं.

२१ ऑक्टोबर, दिवाळी

पट्टी क्रमांक सहा कडकन मोडली. सात भाजताना पेटली.

शेजारच्या घरातून गंगारामच्या बायकोने गोडे पोहे पाठवले. गंगाराम माझा धाकटा भाऊ. फोनवर आनंदीला माझ्या सगळ्या बातम्या पुरवतो, असा संशय आहे. पोहे पडवीत उभ्यानेच खाल्ले, कारण ओट्यावर पट्ट्या आणि पाटावर चीक. घरात एकच आकाशकंदील. तो लावायला स्टुलावर चढलो, तर स्टूल धरायला कोणी नाही. खाली उतरून कंदील दारातच ठेवला. तसाही तो खालून जास्त छान दिसतो.

स्वयंपाकघर भाऊबीज झाली की लगेच.

८ नोव्हेंबर. दुपार

वाकली! मोडली नाही!

पट्टी क्रमांक अकरा. दोन्ही टोकं धरून वाकवली तर इंद्रधनुष्यासारखी वाकली आणि टिकून राहिली. ताबडतोब पुण्याला फोन. ओवीने उचलला. माझी नात, दुसरीत आहे. तिला सांगितलं. तिने विचारलं, आजोबा, मग ती परत सरळ होते का? म्हटलं, अजून नाही. मग ती वाकलेलीच राहते? म्हटलं, तूर्त हो. तर म्हणते, मातीपण तशीच राहते.

हल्लीच्या शाळांत मुलांना नको ते शिकवतात.

आनंदीला सांगितलं की पदार्थाचं नाव बदललं आहे, आता तो आनंदाइट. मला वाटलं, गहिवरेल. ती म्हणाली, स्वयंपाकघराचं काय झालं?

१६ नोव्हेंबर

देवीचा कौल झाला. या वर्षी गावपळण, ८ डिसेंबरपासून. आमच्या गावची रीत आहे. काही वर्षांनी एकदा सगळा गाव तीन दिवस तीन रात्री हद्दीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. नौबत झडली की चुली विझवायच्या, दारं ओढायची आणि व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, माळावर खोपी बांधून राहायचं. पुन्हा कौल मिळेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही.

आणि आज आनंदीचा फोन आपणहून! शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो.

"गावपळणीक मी येतंय. तीन दिस सगळ्यांवांगडा रवतलंय. मगे घराक येवन बघतलंय. चूल माझी दिसली तर रवतलंय, नायतर गंधारावांगडा परत."

म्हणजे येणार! राहणार! स्वयंपाकघर काय, भरपूर दिवस आहेत. पण नुसतं साफ स्वयंपाकघर कोणीही दाखवील. मी तिच्यासाठी आनंदाइटच्या कमानींची खोप बांधणार. सगळा गाव बांबू आणि झावळ्यांत, आणि आनंदी आनंदाइटखाली. दहा कमानी पुरतील.

२५ नोव्हेंबर

चार कमानी तयार. मोठ्या कमानी ओट्यावर मावत नाहीत म्हणून जमिनीवर टाकल्या आहेत. स्वयंपाकघरात आता तिरकं होऊन जावं लागतं.

पाच वाजता उठण्याचा नियम शिथिल केला आहे. थोर माणसं रात्री काम करतात.

२ डिसेंबर

आठ कमानी. गंगाराम डोकावून गेला. म्हणतो, दादा, वयनी सहा दिवसांवर इली, ह्यां सगळां कधी काढतलंस? म्हटलं, सहा दिवस म्हणजे काय थोडे? तो म्हणाला, मी आणि बाळा येऊन हात लावतो. बाळा त्याचा मुलगा, अंगाने रेडा. मी नको म्हटलं. कोणाचाही हात लागला की सॅम्पल बिघडतात. वरून लेबलंही लावायची राहिलीत.

७ डिसेंबर

दहावी कमान झाली. स्वयंपाकघर उद्या सकाळी. नौबत दुपारी आहे.

८ डिसेंबर. माळावर, संध्याकाळी

सकाळी आधी कमानी व्हाळापलीकडे वाहून नेल्या. एकेक नेत होतो. शेवटची ठेवली, हात झटकले आणि झाडू घ्यायला घराकडे वळलो, तर नौबत. देवळातला गुरव एरवी आरतीलासुद्धा उशीर करतो, आज बरोबर वेळेवर. मी घरात शिरत होतो, गंगारामने दंड धरला. नौबतीनंतर थांबायचं नसतं. फक्त कुलूप लावलं.

पाचच्या सुमारास कुडाळहून रिक्षा आली. गंधार, ओवी आणि आनंदी. ती वाळली आहे. हातांवर डाग अजून आहेत. मी पिशवी घ्यायला पुढे झालो, तर तिने पहिला प्रश्न तोच विचारला.

मी म्हटलं, चकचकीत आहे.

शास्त्रात याला आगाऊ निष्कर्ष म्हणतात. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

९ डिसेंबर

सविस्तर नोंद आवश्यक.

दुपारी खोपीत पडलो होतो. ऊन कडक. डोळा लागला. जाग आली तर छप्पर नाकावर. कमानी एकही न मोडता, अत्यंत सावकाश, एकसारख्या खाली आल्या होत्या. म्हणजे मूळ तत्त्व सिद्ध झालं. पण बाहेर पडता येईना, कारण चीक पातळ होऊन सदरा चिकटला होता. बाहेरून गंगारामचा आवाज: दादा, तुझी खोप बसली रे! मग माळावरचा सगळा गाव गोळा झाला.

मला आनंदीने ओढून बाहेर काढलं. डोक्यावर झावळीची पाती, पाठीवर अर्धी कमान. ती बघत राहिली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिचं हसणं मी विसरलोच होतो. घरात ते नव्हतं म्हणून घर तसं झालं होतं, हे आज माळावर कळलं.

मग गंगारामच्या खोपीसमोर तिने मला बसवलं, केसातला चीक खोबरेल लावून काढला. बांगडा माशाचं तिखलं आणि भात. तिने वाढलं. रात्री फुगड्या झाल्या, तिने दोन घातल्या. गुडघा ठणठणीत. झोपायच्या आधी म्हणाली, "घराक गेल्यार पयली पेज रांदतंय. कित्येक दिस झाले, माझ्या चुलीवरची पेज मिळाक नाय."

मला ती परत हवी आहे. लिहून ठेवतो, म्हणजे विसरायला नको.

आत्ता सांगावं का? आत्ता ती थकली आहे. उद्या.

१० डिसेंबर

सकाळी तोंड धुवायला जातो सांगून व्हाळापर्यंत गेलो. पाणी घोट्याएवढं. पलीकडे आमच्या माडांचे शेंडे दिसतात. तासाभराचं काम. पळत जायचं, सगळं गोठ्यात फेकायचं, ओटा खरवडायचा, परत. कोण बघणार? गावात चिटपाखरू नाही. कुठे धूर नाही, कुत्रं भुंकत नाही. आपलं गाव इतकं गप्प कधी ऐकलं नव्हतं.

मी विज्ञानवादी माणूस आहे. देवी रागावते वगैरे मी मानत नाही. चप्पल काढून हातात घेतली. पण पाऊल काही पाण्यात पडेना. बराच वेळ तसाच उभा होतो. शेवटी खरंच तोंड धुतलं आणि परत आलो.

आनंदी दिवसभर शेजारी बसून ओवीला गजरा करायला शिकवत होती. सांगायला चांगली संधी होती. पण ओवी समोर होती.

११ डिसेंबर. सकाळ

आज कौल. गाऱ्हाणं घातलं, सगळे 'होय म्हाराजा' म्हणाले. मीही म्हणालो, पण मनात वेगळं गाऱ्हाणं: आई, कौल देऊ नकोस. एक दिवस वाढव. दोन वाढव. कायमचं इथेच राहू दे सगळ्यांना.

देवीने उजवा कौल दिला. माळभर आनंदीआनंद. बायका भांडी आवरायला धावल्या. मी कमानी मोजत बसलो.

११ डिसेंबर. रात्री

ती ओवीचा हात धरून पुढे गेली. चावी तिने माझ्याकडून मागून घेतली. कमानी जड आहेत म्हणून मी मागे राहिलो. घरी पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कमानी निघाल्या तरी शिंपल्या, पट्ट्या, चीक तसंच; आत जायला जागाच नव्हती. तीन दिवस बंद असल्यामुळे वासही होता.

मी म्हटलं, उद्या सकाळी पहिलं काम हेच.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. पिशवी खाली ठेवलीच नव्हती तिने.

"माका राग घाणीचो नाय," ती म्हणाली. "तीन दिस माझ्या बाजूक बसलात. एकदा तरी बोलाचां होतां."

पेज तिने गंगारामच्या चुलीवर केली. मलाही वाटीभर पाठवली. रात्रीच्या गाडीने तिघंही गेली. मी रिक्षापर्यंत गेलो होतो. ओवीने हात हलवला.

१३ डिसेंबर

स्वयंपाकघर रिकामं केलं. चहा झाल्यावर सुरुवात केली. सगळं गोठ्यात नेलं, ओटा राखेने घासला, जमीन धुतली. मसुऱ्याची नऊची एसटी गेली तेव्हा संपलंसुद्धा. गोठा कोरडा आहे. गॅसची शेगडी तिथेही लागते.

पिठाच्या डब्यामागे एक पट्टी सापडली, कधीतरी पडलेली. कोणी हात न लावता पडून राहिल्याने वाळली असावी. वाकवली. वाकली. सोडली तर सरळ झाली. पुन्हा वाकवली, जोर लावून. पुन्हा सरळ. साध्या हातांनी मोडत नाही. कितवी पट्टी, कुठलं मिश्रण, काहीच माहीत नाही. लेबल नाही.

पुण्याला फोन केला. पट्टीचं सांगायचं होतं. आनंदीने उचलला, तर तोंडातून आधी निघालं की स्वयंपाकघर रिकामं केलं, खरंच केलं, हवं तर गंगारामला विचार.

ती म्हणाली, "बरां झालां. आता तुमका घरात वावराक जागा मिळाली."

पट्टीचं सांगायचं राहिलं. जागा खरंच खूप झाली आहे.