बाभळींचा पट्टा

३ फेब्रुवारी
एक रात्र! एकच रात्र थांबायचं होतं इथं. जुन्या सोन्याच्या खाणी बघू, सकाळी ॲडलेडची वाट धरू — माझ्या नवऱ्याचे, क्लेमचेच शब्द. तिथं आमच्या लेकीचे, टेसचे, वीस तारखेला दिवस भरतायत. पोरीचा नवरा केव्हाच पसार झालाय. "आई, तू असलीस की मला भीती नाही," म्हणाली.

आणि क्लेम! पर्यटकांसाठीच्या ओढ्यात वाळू धुऊन सोनं शोधायची थाळी हलवायला बसला, तळाशी चमचम दिसली. मुंगीच्या पायाएवढी. साठी उलटलेला माणूस उड्या मारायला लागला.

५ फेब्रुवारी
परवाना काढला. धातू शोधायचं यंत्रही भाड्यानं आणलं. कानांवर मोठाले हेडफोन. मी बोललेलं ऐकूच जात नाही. सोयच झाली त्याची.

६ फेब्रुवारी
माश्या. ऊन. माश्या.

८ फेब्रुवारी
भांडले. शेवटी कबूल झाला — रविवारपर्यंत काही सापडलं नाही, तर गाशा गुंडाळायचा.
"आणि सापडलं तर?"
"तर तूच म्हणशील, राहू या!"
बस इथं येत नाही. कॅरव्हान जोडलेली गाडी मला चालवता येत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

९ फेब्रुवारी
अरे देवा! भांड्यांचं पाणी कॅरव्हानमागे ओतलं, माती वाहून गेली आणि खाली पिवळं! घेवड्याच्या दाण्याएवढं. जड. तो तिकडे यंत्र घेऊन वणवण करतोय, आणि सोनं माझ्या पायाशी. हसू आलं. मग रडू.

दाखवलं तर आम्ही इथून हलत नाही. जवळ ठेवावं तर माझ्या तोंडावरच दिसेल. वाढदिवसाची भेटसुद्धा मला कधी त्याच्यापासून लपवता आली नाही. फेकवतही नाही.

जेवताना सहज विचारलं, "तो बाभळींचा पट्टा?"
"उभा सगळा यंत्रानं पिंजून झाला. नुसते खिळे."
झाला ना! दुपारी तो लवंडल्यावर तिथंच पुरून आले. वरून बुटानं सारखं केलं.

१० फेब्रुवारी
रिकाम्या हातानं आला. तोंड एवढंसं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. टेसला कळवलं — परवा पोचतो.
"आई, खरंच ना?"

११ फेब्रुवारी, रविवार
सामान भरून झालं होतं. बाभळींतून ओरडत आला, मूठ मिटलेली. "विल्मा, उभं झालं होतं, आडवं राहिलं होतं! आडवं फिरवल्याशिवाय पट्टा सोडायचा नसतो!" इथलं शेंबडं पोरही हे जाणतं म्हणे.

मुक्काम ईस्टरपर्यंत, म्हणजे मार्चअखेर. टेसला फोन लावून माझ्या हातात देतोय. "आनंदाची बातमी तूच सांग!"