नोंदवालीने दार उशिरा का उघडलं

प्रिय कॅप्टन,

भोंग्यातून ओरडायच्या तुझ्या सवयीमुळे सेटवर सगळे तुला कॅप्टन म्हणायचे. बारा वर्षांत तुझ्यासाठी याहून सभ्य नाव मला सुचलेलं नाही, तेव्हा हेच चालवून घे. अभिनंदन. ‘यान परत आलं’ या आपल्या पहिल्या सिनेमाच्या आधी काय घडलं, हे सांगणारा ‘यान निघालं’ तू शेवटी काढलासच. रविवारी सकाळी मशीनला कपडे लावून लॅपटॉपवर पाहिला. सिनेमा संपला तेव्हा कपडे कधीच धुऊन झाले होते, पण मी उठले नाही, कारण खाली प्रेक्षकांची मतं होती. चारशे बारा. एकेक करून सगळी वाचली आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कपडे मशीनमध्येच आंबले.

एकाने लिहिलंय, यानाच्या भिंती अंड्यांच्या ट्रेच्या आहेत आणि एका ट्रेला अजून टरफल चिकटलेलं आहे. दुसरा म्हणतो, राक्षसाच्या पाठीवरची चेन अर्धी उघडी दिसली तिथेच माझी भीती गेली, पुढे त्याला थंडी वाजत असेल याचीच काळजी लागून राहिली. एका बाईंनी कळवलंय की अंतराळातल्या स्फोटाला मिक्सरचा आवाज आहे; स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी स्वतःचा मिक्सर लावून खात्री केली. एका माणसाला सिनेमा फार आवडला, पण तो तुझा मेहुणा असावा, कारण आठ ओळींत त्याने तुझं नाव तीनदा घेतलंय. आणि तू प्रत्येकाच्या खाली जाऊन लिहितोस, ‘आपण पुन्हा एकदा शांतपणे पाहावा ही नम्र विनंती.’ हा नम्रपणा तू सेटवर कुठे दडवून ठेवला होतास?

तुला सगळ्यात जास्त धुतलंय ते बोटांवरून. पहिल्या सिनेमात त्या राक्षसाच्या, म्हणजे बुळबुळ्याच्या, डाव्या हाताला सहा बोटं होती. आता तो जन्माला येतो तेव्हा पाच. मग सहावं उगवलं कधी, असं चाळीसेक लोकांनी विचारलंय. कॅप्टन, ते सहावं बोट सूट शिवणाऱ्या काकांची चूक होती आणि ते माझ्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. माझं कामच ते होतं. कुणाच्या कुठल्या हातात कप होता, कॉलरचं बटण लागलेलं होतं की नाही, दार किती वाजता बंद झालं, सगळं शॉट संपायच्या आत वहीत. तू थट्टा करायचास की ही सासरी गेली तर सासूच्याही नोंदी ठेवील. नवा सिनेमा काढताना ती वही तू माझ्याकडे मागितली नाहीस. का मागितली नाहीस ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

वही मागायला लाज वाटली, पण मला सिनेमात घ्यायला वाटली नाही. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, चष्मा दोरीला टांगलेली, यानातली ती नोंदवाली. माझी पाठ अशी वाकलेली असते हे मला तुझा सिनेमा पाहून कळलं. आतल्या बंद खोलीत एक शास्त्रज्ञ धुरात कोंडतो, दारावर थापा मारतो आणि ही बाई दाराकडे पाठ करून वहीत लिहीत बसते. भानावर येऊन ती दार उघडते तोवर उशीर झालेला असतो आणि त्या माणसाचा बुळबुळ्या झालेला असतो. म्हणजे राक्षस कुठून आला, तर माझ्या निष्काळजीपणातून. प्रेक्षकांनी बाकी कशावर विश्वास ठेवला नाही, पण हे मात्र पटलं त्यांना. ‘एवढं काय लिहीत होती बाई?’ ‘बुळबुळ्याने हिला सगळ्यात आधी गिळायला हवं होतं.’ एकशे सात मतं तिला शिव्या घालणारी आहेत. तेवढी वाचताना मात्र माझं हसू गेलं.

बारा वर्षांपूर्वी आपल्याकडे यान नव्हतं, बंद पडलेलं शीतगृह होतं. जाड दार, कडी फक्त बाहेरून, आणि दाराला गोल काच, तीही तू बसवून घेतलेली. राक्षसाच्या सूटमध्ये माझा धाकटा भाऊ. टायरच्या दुकानातून रजा काढून आला होता. सहा फूट दोन इंच उंची हीच त्याची पात्रता, पण त्याला वाटायचं यातून आपलं नशीब उघडेल. सूटमधून त्याला फक्त नाकपुड्यांच्या भोकांतून दिसायचं. धुराचं यंत्र परवडेना म्हणून तू मोकळ्या मैदानात लावायच्या धूरकांड्या आणल्यास आणि बंद खोलीत चार पेटवल्यास. ठरलं होतं ते असं: चार मिनिटं झाली की दार मी उघडायचं, त्याआधी गुदमरलं तर त्याने तीनदा ठोकायचं. लाइटवाला जनरेटर बघायला मागे गेला होता. काचेपाशी तू कॅमेरा घेऊन, शेजारी स्टुलावर मी. तिसरं कुणी नव्हतं. याचाच तुला पुढे उपयोग झाला.

माझ्या वहीतलं ते पान असं आहे. ‘टेक तीन. दार बंद अकरा चाळीस. तीन ठोके अकरा त्रेचाळीस. दिग्दर्शक म्हणाले, चालू दे, काय अभिनय करतोय बघ. पुन्हा तीन ठोके अकरा चव्वेचाळीस. मी उठले. दिग्दर्शकांनी मनगट धरलं. दार उघडलं अकरा अठ्ठेचाळीस.’ पेन्सिलीने लिहिलंय, पण एक अक्षर पुसट झालेलं नाही. माझी अक्षरं काढायची पद्धत तुला माहीत आहे, कागदाला खळी पडते.

हॉस्पिटलच्या जिन्यात तू माझ्यापुढे हात जोडलेस. सिनेमा बंद पडेल, सगळ्यांच्या पोटावर पाय येईल, एवढं एकदा अंगावर घे, पुढच्या महिन्यात आपलं लग्न आहे, तुझ्या भावाला मी माझ्या भावासारखं बघीन. मी कागदावर सही केली. लिहिता लिहिता माझं घड्याळाकडे दुर्लक्ष झालं, असं त्यात होतं. धाकट्याच्या तोंडावरची नळी चौथ्या दिवशी निघाली आणि तो पहिलं वाक्य बोलला ते माझ्याशी. ‘ताई, तू काय लिहीत होतीस गं?’ मी त्याची चादर नीट केली. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

लग्न झालं नाहीच. शीतगृहाच्या आवारात जेवणाच्या सुट्टीत, हातात डबा असताना तू मला म्हणालास, ‘तुझ्याकडे बघितलं की मला तो दिवस आठवतो.’ हे वाक्य मी बोलायला हवं होतं. मी डबा बंद केला आणि राहिलेल्या सहा दिवसांच्या नोंदीही नीट पूर्ण करून दिल्या. असा राग येतो मला त्या मुलीचा.

धाकट्याची फुप्फुसं पुन्हा पहिल्यासारखी झाली नाहीत. एक जिना चढायला त्याला तीन ठिकाणी थांबावं लागतं. टायरचं काम सुटलं, आता घरी बसून रेडिओ, पंखे, मिक्सर दुरुस्त करतो. आईकडे तो सकाळी जातो, मी संध्याकाळी. आईने कधी तसं सांगितलं नाही, पण मी चुकून लवकर निघाले तर तिचा फोन येतो, जरा सावकाश ये, म्हणून. पहिल्यापासूनचं सिनेमांचं वेड मात्र त्याने सोडलेलं नाही. बघतो आणि खाली लांबलचक मतं लिहितो. ‘बसून बघणारा’ या नावाने. आईकडून मला हे नाव कळलं आणि गेली काही वर्षं मी त्याची सगळी मतं वाचत आले आहे. एवढंच आमचं बोलणं.

तुझ्या सिनेमाखाली त्याचं मत तीनशे नव्वदावं आहे. अंड्यांचे ट्रे नाहीत, बोटं नाहीत, एरवीसारखी चेष्टा नाही. दोनच ओळी. ‘नोंदवालीने दार उशिरा का उघडलं, ते या सिनेमातही कळत नाही. बारा वर्षं विचार करतोय, कुणाला कळलं असेल तर सांगा.’ आणि त्याच्या खाली, कॅप्टन, त्याच्या खालीसुद्धा तू लिहिलंस, ‘आपण पुन्हा एकदा शांतपणे पाहावा ही नम्र विनंती.’ तो कोण हे तू ओळखलं नाहीस, मला मान्य आहे. पण ते वाचल्यावर तुझ्याबद्दल माझ्या मनात जो काही ओलावा शिल्लक होता तो संपला. तू लोकांपुढे उघडा पडावास, मेहुण्यासकट, एवढी एकच इच्छा उरली.

म्हणून हे पत्र तुझ्या पत्त्यावर येणार नाही. ते तू आत्ता तुझ्या सिनेमाखालीच वाचतो आहेस, बाकी सगळ्यांबरोबर, चारशे तेरावं मत म्हणून. एक तारा दिला आहे, कारण शून्य देता येत नाही. वहीच्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. दुसऱ्याचं मत तुला पुसता येत नाही, हे मी आधीच विचारून घेतलं. आता बाकीचं तुझ्यासाठी नाही. धाकट्या, तू कुणाला तरी विचारलंस, तर मी सांगते. मी लिहीत नव्हते. मी ठोके ऐकले, दोन्ही वेळा. मी उठले आणि कॅप्टनने माझं मनगट धरलं, हे खरं आहे, पण त्याने ते लगेच सोडलं होतं. वहीत मी तेवढं लिहिलं नाही. हात मोकळा होता, कडी चार पावलांवर होती, आणि शॉट चांगला चाललाय असं तो म्हणाला म्हणून मी पुन्हा स्टुलावर बसले. चार मिनिटं. या सगळ्यावर तुझं जे मत होईल ते याच्या खाली लिही, मी वाचेन.

तुझीच,
ताई