योग्य नाव मिळणेबाबत

१२ जून २००६
संस्थेत लागून आठवडा झाला नाही, तोच धरणापलीकडच्या वस्तीवर पाठवलं. जायचं कसं? ट्रकच्या ट्यूबवर बसून, पाय पाण्यात! मागून वस्तीवरचा देऊ पोहत ढकलतो. त्याच्या बायकोला, चंद्रीला, सातवा महिना. दवाखाना अलीकडच्या काठाला. "ताई, टूबवर ती नाय बसायची. आडवी निजवून न्यावी लागंल."
ठरवलं — वस्तीला होडी मिळवून द्यायचीच.

१५ जून
सायबर कॅफेत तासभर होड्या पाहिल्या. मोटरची, शिडाची, पायाने चालवायची हंसाची. हंस छान! चंद्रीने मान धरून कळा सोसायच्या.
देऊला विचारलं. "सपाट. उथळ. रुंद. चौघांना उचलाया यील अशी." संपलं! मी उगाच बी.ए. झाले.

१९ जून
पंचायतीत अर्ज दिला. 'होडी' फार पोरकट, कागदाची आठवते. 'नाव' लिहिलं. शुद्ध, भारदस्त. विषय : वस्तीला गरजेनुसार योग्य नाव मिळणेबाबत.
गुरुदत्तभाऊ क्लार्क म्हणाले, "मॅडम, ड्राफ्टिंग एकदम मस्त!"
दिवसभर तरंगत होते.

७ जुलै
मंजूर! अठरा दिवसांत! आपण लोकशाहीला उगाच नावं ठेवतो.

२१ जुलै
नाव आली. म्हणजे — आलं.
टेम्पोतून. जाड प्लायवूडची आठ फुटी पिवळी पाटी : 'नवजीवन नगर'.
गुरुदत्तभाऊ वर मलाच शिकवतात, "तुम्ही सगळीकडे 'नाव हवी' लिहिलेलं. मी 'हवं' केलं. ग्रॅज्युएट ना तुम्ही?"
"आणि अर्जात 'चौघांना उचलता येईल अशी' लिहिलेलं, ते?"
"तेच तर! लोकांनी उचलून धरावं असं नाव. कमिटीत तीन तास भांडण झालं, मॅडम."
पाटी उतरवायला चौघे लागले. देऊ तिच्याभोवती दोनदा फिरला, ठोकून पाहिली. मला त्याच्याकडे बघवेना.
घरी आई म्हणाली, "यशू, आम्ही अडाणी. आम्ही होडीच म्हणतो."

२४ जुलै
पाटी पलीकडच्या काठावर उभी राहिली. नवा अर्ज. होडी, होडी, होडी. उत्तर : एका वस्तीला वर्षाला एकच काम. तुमचं झालं.

९ ऑगस्ट
सकाळी पलीकडून हाका : चंद्रीला कळा. धावत काठावर गेले — पलीकडे पाटी जागेवर नाही! पाण्यावरून येत होती. खाली चार ट्यूब बांधलेल्या, वर चंद्री आडवी, बाजूने देऊ आणि तिघे पोहत. सपाट. उथळ. रुंद.
मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.
बारशाला बोलावलंय. देऊने हात जोडले, "फक्त ताई, नाव तुम्ही नका सुचवू."